व्याह्यांच्या कोटाचं अस्तर

...तर टाचणीमास्तरांनी तोंडातल्या सगळ्या टाचण्या काढून मनगटावरच्या उशीत खुपसल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, तेही भर दुकानात! एरवी हा शिंपी गिऱ्हाइकाशी बोलायचा तो दात आवळून, टाचण्यांच्या फटीतून; नाव पडलं ते त्यामुळेच. पण परका शब्द उच्चारायचा तर तोंड मोकळं नको? आणि शिकायची खुमखुमी कशी आली म्हणाल, तर पोटात आग पेटली होती.

आगीचं कारण पाच वर्षांची नात. लेक-जावई परदेशात, पोरीच्या जिभेवर शाळेतली स्पॅनिश बसलेली, मराठी जेमतेम दोन-चार शब्द. रविवारी दोन्ही आजोबा दुकानात एकाच फोनसमोर बसत. पोरगी मास्तरांना नुसता हात हलवून दाखवायची, की लगेच "आता दुसरे आजोबा!" दुसरे आजोबा म्हणजे व्याही, उभी हयात जहाजावर स्वयंपाकी. त्यांच्यासमोर ती लाह्या फुटाव्यात तशी तडतडायची आणि व्याही "सी, सी!", म्हणजे हो, हो, करत खो खो हसायचे. मास्तर शेजारी बसून बटणं लावत. लावत कसली, सुई बोटात टोचून घेत.

"अहो, काय म्हणते ती? आम्हालाही सांगा की," एकदा मास्तर म्हणाले.

"तुम्हाला नाही कळायचं, व्याहीबुवा. त्याला खारं पाणी प्यावं लागतं!"

झालं. मास्तरांनी रद्दीवाल्याकडून स्पॅनिशचं एक पातळसं पुस्तक पैदा केलं आणि त्यातलं आपल्या धंद्याचं क्रियापद धरलं. कोर्तार, म्हणजे कापणे.

"या वयात?" बायको म्हणाली.

पण गडी हाडाचा शिंपी. शेवटचा 'आर' कातरून टाकला, उरलं ते धड. "अगं, धड एकच. बाह्या तेवढ्या बदलायच्या!" मी कापतो, कोर्तो. तू कापतोस, कोर्तास. तो कापतो, कोर्ता. आपण, कोर्तामोस. तुम्ही, कोर्ताइस. ते, कोर्तान. त्याच बाह्या आब्लार, म्हणजे बोलणे, याच्या धडाला लावून पाहिल्या, आब्लो, आब्लास, तर तिथंही चपखल! मास्तर एवढे हरखले, की समोर उलट्या पडलेल्या कोटाच्या अस्तरावरच खडूनं सहाही रूपं लिहून काढली.

कोट कुणाचा? व्याह्यांचा. बाही आखूड करायला आलेला. काम झालं, अस्तर झटकायचं राहिलं आणि कोट घरपोच गेलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी व्याही तोच कोट हातावर टाकून दारात. मास्तरांना वाटलं, आता जन्मभराची चेष्टा. टाचण्या पुन्हा तोंडात.

व्याह्यांनी अस्तर उलटलं. "हे तुम्ही लिहिलंत?"

"अं."

"सगळी येतात?"

"अं."

व्याही स्टुलावर टेकले. "मला नाही येत हो. जहाजावर 'आणखी वाढू का', 'मीठ हवं का', एवढंच बोलायचो. पोरीचं ओ की ठो कळत नाही, म्हणून हसतो. परवा माझ्या घरी फोन आला, तर रडत काहीतरी सांगत होती. मी तेव्हाही हसलो. तिनं फोनच ठेवला... शिकवाल?"

मास्तरांची आग विझली का? छे! धुमसतच होती. त्यांनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली, खडू पुढं सरकवला आणि म्हणाले,

"बसा. पण रोज एकच बाही. आज फक्त 'मी'. 'आपण' चौथ्या दिवशी येतं. आणि तोवर रविवार उजाडला, तर पोरीशी आधी मी बोलणार."