खुर्चीवाल्याचं नाव

खुर्ची दिसली की मिस्त्री आधी ती उलटी करत. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी आईची नवी खुर्ची पाय वर करून ठेवली, खालून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वरनं सगळ्याच देखण्या. हात कुनाचा हाय ते खालनं कळतं." मग जमिनीवर बसून चहा प्यायले. आईचा चेहरा कसा झाला असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

बिरवाडीत आमच्या खोलीखाली त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. तरुणपणी ते एका कारखान्याच्या गेस्ट हाउसमधल्या खुर्च्या दुरुस्त करायला गेले होते. खुर्च्या सागवानी, डेन्मार्कहून आलेल्या. त्यातली एक त्यांनी सांधा न् सांधा उकलून पाहिली. त्यानंतर महाड-पोलादपुरात त्यांनी केलेल्या प्रत्येक खुर्चीचा मागचा पाय तसाच, किंचित कलून उभा राहिला. गेस्ट हाउस पाडलं तेव्हा ती खुर्ची त्यांनी मागून घेतली आणि घरी आणली.

खंडेनवमीला हत्यारं मांडून ते गुरूंची नावं घेत. पहिलं वडिलांचं, दुसरं महाडच्या एका जुन्या सुताराचं. तिसऱ्याला अडखळत. "आनि तो खुर्चीवाला."

एका खंडेनवमीनंतर ते जिना चढून वर आले. "तू इंग्रजी शाळेतली ना गो? शोध त्याला. ज्याच्याकडनं शिकलो त्याचं नाव नाय ठावं, तर मी चेला कसला?"

मी इंग्रजी शाळेत शिकले, पण दोन्ही भाषांत गप्पच असते. शोधणं मात्र गप्प राहून करता येतं. खुर्चीचा फोटो टाकल्याबरोबर इंटरनेटने एक मोठं नाव दिलं. मी खूश. मिस्त्रींनी स्क्रीनवरचा मागचा पाय मोठा करून पाहिला.

"हा नाय."

दुसरं नाव नेलं. "हा नाय." दोन महिने हेच चाललं. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, सगळे विकणारे ते पहिलंच नाव सांगतात."

"इकनारे सांगतील गो. मोठं नाव हाय म्हनून माझा गुरू बदलू?"

शेवटी मी डेन्मार्कच्या एका संग्रहालयाला लिहिलं. तिथल्या बाईंचं उत्तर आलं: बैठकीखालच्या आडव्या पट्टीवर शिक्का असेल, त्याचा फोटो पाठवा. मी धावत खाली गेले.

मिस्त्रींनी खुर्ची उलटी केली नाही.

"तिथं काय नाय."

"न बघताच?"

"होता गो. काळा, जळल्यासारखा. मला वाटलं डाग हाय." बराच वेळ ते हातातली पटाशी पुसत राहिले. "मीच रंधा मारला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिडी लावून माळ्यावर चढले आणि धुळीने भरलेलं बोचकं घेऊन उतरले. खुर्ची उकलल्यावर तिचा प्रत्येक भाग त्यांनी पातळ प्लायवर आखून कापून ठेवला होता. असे अकरा फर्मे. प्रत्येकाशेजारी टेप ठेवून मी फोटो काढले, पाठवले. बाईंनी कळवलं, व्हिडिओ कॉलवर बोलू.

मी म्हटलं, लिहूनच विचारते.

"मी रंधा मारल्याचं तुझ्यासमोर कबूल केलं," मिस्त्री म्हणाले. "तुला नुसतं बोलायचं हाय."

मी बोलले. बाईंनी एका जुन्या आराखड्याचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला. मिस्त्रींनी मागच्या पायाचा फर्मा उचलून आमच्या कॅमेऱ्यासमोर धरला. तोच कल, तीच मापं. फारसं कुणाला माहीत नसलेलं एक नाव बाईंनी सांगितलं. मिस्त्रींनी ते त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, मग स्वतः म्हटलं, आणि ते नाव बिरवाडीचंच वाटायला लागलं. त्या खंडेनवमीला ते अडखळले नाहीत.

यंदा श्रावणात मिस्त्री गेले. खंडेनवमीला त्यांच्या बायकोने, काकींनी, हत्यारं धुऊन मांडली, मला खाली बोलावलं. "नावं घे गो. तुलाच येतात."

तीन नावं घेतली. चौथं आता त्यांचं घ्यायचं होतं, आणि मी थांबले. माझ्या फोनमध्ये ते 'मिस्त्री खाली' आहेत. डेन्मार्कमधलं नाव मी शोधून काढलं. जिन्याखालचं कधी विचारलंच नव्हतं.

"काकी, काकांचं नाव काय?"

काकींनी ते उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. त्या उठल्या, ती खुर्ची त्यांनी उलटी करून हत्यारांशेजारी ठेवली आणि नुसतं नाव घेतलं.

मी ते मोठ्याने म्हटलं. रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.