खाडी वगळून वाचलेली कविता

परराज्यात, बमरोलीत मिलच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो, नव्वदनंतरची ती तीन-चार वर्षं. हे मिलमध्ये डाइंग मास्तर. कापड रंगवून उरलेलं गरम पाणी क्वार्टरमागच्या खाडीत सोडायचे. मिलमध्ये साड्यांचा जो रंग चालू, तोच खाडीचा. खिडकी उघडली की डोळे चुरचुरायचे, म्हणून ती बाराही महिने बंद. मुलगी दहावीला, घर मिलचं. जायचं म्हटलं तरी जाणार कुठं?

एम. ए.ला मी बाहेरून बसले होते. त्या बंद खिडकीशी बसून नवकविता वाचायचे. धूर, तेलकट पाणी, मेलेले मासे. टीकाकार म्हणायचे, हे सगळं आधुनिक माणसाच्या कुजलेल्या मनाचं प्रतीक. माझं डोकंच फिरायचं. अरे, मनाचं काय घेऊन बसलात? पाणी आहे ते! कवीनं ते कुठल्यातरी काठावर नाक दाबून पाहिलंय!

शहरातल्या मराठी मंडळानं मला निबंध वाचायला बोलावलं. मी तावातावानं लिहिलं: या कविता आधी पाण्याच्या, हवेच्या म्हणून वाचा, मनाचं नंतर बघू. पुराव्यादाखल आमची खाडी घातली, रंगांसकट. जन्मात पहिल्यांदा काहीतरी माझं स्वतःचं लिहून झालं होतं. मी भलतीच खूश होते.

ह्यांनी वाचलं आणि कागद पालथे ठेवले. "अगं, तिथे शेठच्या ओळखीचे लोक येतात. पाणी सोडायचा व्हॉल्व्ह मीच उघडतो ना? उद्या क्वार्टर खाली करा म्हणाले, तर ऐन परीक्षेत पोरीला नेऊ कुठे?"

"मग खोटं वाचू?"

"खोटं कशाला? खाडी तेवढी काढ."

दोन दिवस मी कागद तसेच पालथे राहू दिले. मग खाडी काढली. ती गेल्यावर निबंधात उरलं काय, कपाळ! ती जागा मी त्याच कुजलेल्या मनानं भरली.

कार्यक्रमात बँकेतले, शाळेतले जाणकार माना डोलावत होते. अध्यक्ष म्हणाले, "किती खोलात शिरलात, ताई!" मी काय गिळलंय ते त्या हॉलमध्ये एकट्या ह्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या हेच वाजवत होते. असा संताप आला मला! पण घरी जायचं होतं ते ह्यांच्याच स्कूटरवर, मागे बसून.