वृंदाबाईंचं तोरण

रोह्याच्या शाळेत वृंदाबाई गुप्त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं आणि जन्मभर सगळ्या गावाला ढ समजलं. "डोकं पिशवीत ठेवून आलास काय रे?" हे त्यांचं वाक्य रोह्यातल्या भल्याभल्यांना आजही पाठ आहे. निवृत्त होऊन त्या पेणला भावाच्या आंब्याच्या बागेत राहायला गेल्या, तेव्हा अख्ख्या रोह्यानं म्हणे सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याच बागेत त्यांची भाची ईरा पीएचडीचं काम घेऊन आली. आंब्याला कीड चावली की झाड आतल्या आत एक रसायन तयार करतं, सावध होतं आणि वेगळाच वास हवेत सोडतं. ते रसायन नुसतं फवारलं, तर कीड न चावताच झाड तसा वास सोडेल का, हे ईराला बघायचं होतं. काही झाडांवर औषध, काहींवर साधं पाणी. मग फांदीला पिशवी बांधायची आणि आतली हवा नळीत ओढून घ्यायची.

"झाडाला फसवायचं आणि त्याला संशोधन म्हणायचं! काय दिवस आलेत!" वृंदाबाईंनी नाक मुरडलं. त्यात ईराचे मार्गदर्शक म्हणजे डॉक्टर सुजय. हा सुजय त्यांच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. "तो ढ? तो तुला शिकवणार? मग झालंच कल्याण!"

ईरा ऐकून घ्यायची. शिष्यवृत्ती संपत आली होती, गणपतीतलं हे हवेचं माप शेवटचं होतं. ते फसलं तर विषयच बंद, असं सुजयनं सांगून ठेवलं होतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी वृंदाबाईंनी बागेतल्या सखाला हाक मारली. "तोरणाला, मखराला टहाळे आण. पण औषधाच्या झाडांना हात लावू नकोस. देवाच्या दारात विष नको मला. पाण्याच्या झाडांचे आण."

उपासतापास करणाऱ्या शेजारणींना अडाणी म्हणणाऱ्या बाई हो या! पण तोरण मात्र सोवळं हवं.

"ईराताई तर बोलल्या, कुठल्याच झाडाला हात लावायचा नाय," सखा चाचरत म्हणाला.

"औषधाच्या झाडांबद्दल बोलली असेल ती! डोकं पिशवीत ठेवून आलास काय रे?"

सखानं मुकाट्यानं आकडीनं उंचावरचे टहाळे ओढून काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी ईरानं खालच्या फांद्यांवरची हवा नळीत भरली आणि नळ्या तपासायला मुंबईच्या प्रयोगशाळेत नेल्या.

ती परत आली ती चेहरा पाडूनच. दोन्हीकडच्या झाडांचा वास सारखाच निघाला होता. "औषध निकामी ठरलं, आत्या. सर म्हणतात, विषय सोडून दे."

"मी म्हटलंच होतं!" वृंदाबाईंना चेव आला. "त्या ढ माणसाकडून दुसरं काय होणार?"

"पण पाण्याच्या झाडांनी तो वास सोडलाच कसा? जखम झाल्याशिवाय सोडत नाहीत ती."

उत्तर द्यायला वृंदाबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर दाराकडे गेली. चौकटीवर आंब्याचं तोरण वाळून लटकत होतं. अंगणात झाडू घेऊन उभा असलेला सखाही तिकडेच बघत होता.

"सखादादा, झाडांचे टहाळे तोडले होते का कुणी?" ईरानं विचारलं.

"व्हय ताई. माझीच चूक झाली," सखा खाली मान घालून म्हणाला.

वृंदाबाई गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. पण सखानं आपल्याला वाचवावं, ही दया काही त्यांना पचेना.

"खोटं बोलतोय तो. मी तोडायला लावले. तो नको म्हणत होता."

ईरा रडली नाही, चिडलीही नाही. तिनं फक्त सुजयचा नंबर लावून फोन आत्याच्या हातात दिला.

वृंदाबाईंनी सगळं सांगितलं. आता पलीकडून कुठलं वाक्य येणार ते बाईंना ठाऊक होतं. ते येईना, तसा त्यांचाच धीर सुटला.

"विचार ना रे, डोकं पिशवीत ठेवलं होतंत का म्हणून!"

"ते राहू द्या बाई," सुजय म्हणाला. "आधी कुठल्या कुठल्या झाडांचे टहाळे तोडलेत ते नीट आठवून सांगा. तेवढी झाडं वगळून बघतो, ईराचं काही वाचतंय का ते."

वृंदाबाईंना एकही झाड आठवेना. त्यांनी फोन सखाच्या हातात दिला.