ड्रमावरची गाठ

मी पाटोद्याला मीटिंगला गेलते. शेजारणीचा फोन आला, "लवकर ये, आत्या उठंनात." आत्या गेल्या त्याला आता महिना झाला. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे, आणि खरं सांगते, आमचं निम्मं आयुष्य भांडणात गेलं.

सगळ्यात मोठं भांडण दुष्काळातलं. टँकरचा नेम नसायचा, म्हणून दारोदारी ड्रम आणि ड्रमांना कुलपं. आत्यांची किल्ली कायम पदराला. त्याच उन्हाळ्यात गावात डेंगी शिरला. मी गावातली आशा सेविका, कुणाच्या घरी ताप आला ते दवाखान्यात कळवायचं माझं काम. कळवता कळवता ध्यानात आलं, टँकरचा पाइप पोचत नाही त्या टोकाला ताप जास्त. तिथं बाया पाणी पुरवून पुरवून वापरायच्या, ड्रम कधी रिकामाच व्हायचा नाही, आणि आत डासांच्या अळ्या. आमचं घर त्याच टोकाला!

"पाणी गाळून काढा, ड्रम घासून वाळवा, मग भरा," मी सांगत फिरायचे. बाया हसायच्या, "आधी तुझ्या सासूचं कुलूप काढ की!" आणि घरात आत्या कडाडायच्या, "काढता-घालता निम्मं सांडंल, मग पोरीला काय पाजू, तुझं भाषण? झाकण हाय, कुलूप हाय. डास काय किल्ली घेऊन येतो व्हय?"

झाकणाला फट होती. सांगून सांगून दमले मी.

मग माझी चिमी तापली. बीडच्या दवाखान्यात सलाईन लावलं, पण रक्तातल्या पेशी उतरतच चालल्या. रिपोर्टची वाट बघताना आत्यांचा असा राग यायचा की काय सांगू.

पोर वाचली. तिला घेऊन घरी आले तर ड्रम उन्हात पालथा, पाणी लुगड्यातून गाळून घागरीत भरलेलं, आणि आत्या काठी आपटत गल्लीत ओरडतायत, "उघडा गं ड्रम! माझी नात मरता मरता वाचली, तुमाला कावून कळंना?" त्यांच्या तोंडापुढं कोण टिकणार! सगळ्यांनी उघडले.

चुकलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण कुलूप गेलं, ड्रमाला फडकं आलं, सुतळीनं करकचून बांधलेलं. पुढं नळ आला, तरी त्यांचं घासणं-बांधणं सुटलं नाही.

आत्या गेल्या त्या दिवशी माणसं जमली, पाणी लागलं. रडता रडता मी बॅटरी घेऊन ड्रमाकडं गेले, आधी अळ्या बघायला. अजून भीती जात नाही हो. फडकं बांधलेलं होतं, गाठ आत्यांची, सकाळचीच... माझ्यानं ती सोडवेना. शेवटी चिमीनं सोडली. माणसं पांगल्यावर तिनंच ड्रम घासला, वाळवला, भरला आणि फडकं बांधलं. मी गाठ ओढून पाहिली. हलली नाही.