सेत्तीमिओच्या कोठारातला ऑगस्ट

इटलीत फेर्मोकडच्या, बूट करणाऱ्या गावांच्या डोंगरांत ज्याचा हात कधी बुटाला लागला नाही, तो एक तर पाद्री, नाहीतर आळशी. सेत्तीमिओ दोन्ही नव्हता, तरी त्याने आयुष्यात एक बूट केला नाही. बाप चामडं कापायचा, आई टाके घालायची, आणि हा पठ्ठ्या त्याच कारखान्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून बुटांची माहिती साठवायचा. किती जोड गेले, कुठल्या दुकानात गेले, किती परत आले, सगळं एका ठिकाणी ओतायचं आणि मग त्याला हवं ते विचारायचं. असलं डेटा वेअरहाउस त्याने १९९८ साली एकट्याने उभं केलं होतं. बारमध्ये त्याला 'कोठारवाले' म्हणत. अर्धं कौतुकाने, अर्धं कॉफी त्याने पाजावी म्हणून. लग्नाचं विचारलं की म्हणे, "या कोठाराला सांभाळतानाच नाकी नऊ आलेत."

जूनमध्ये मालकीण ओर्नेल्लाबाईंनी त्याला बोलावलं. "सेत्तीमिओ, तीन कंपन्यांची कोठारं महिनाभर फुकट वापरायला मिळताहेत. तुलना करा आणि एक निवडून द्या."

"आणि आपलं?"

"आपलं म्हातारं झालंय हो. मनाला लावून घेऊ नका."

त्याने लावून घेतलंच. तिघांत कारखान्याच्या मूळ नोंदी ओतल्या, त्यांच्यासाठी तीन रकाने आखले आणि कुणी न सांगता चौथा रकाना आपल्या कोठाराचा घातला. या तुलनेत ते टिकलं तर राहील, नाहीतर कायमचं बंद. दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.

पहिल्याच प्रश्नाला नव्यांनी चार-पाच सेकंदांत उत्तर दिलं. त्याच्या कोठाराला अकरा मिनिटं लागली. एकाच वेळी दहा जणांनी प्रश्न विचारले तेव्हा नव्यांच्या कपाळावर आठीही पडली नाही; त्याचं कोठार मात्र आडवं झालं. सेत्तीमिओने स्वतःची समजूत घातली, घाई कसली? उत्तर बरोबर येणं महत्त्वाचं. म्हणून त्याने चौघांना एकच प्रश्न टाकला: मागच्या दहा वर्षांत कुठल्या महिन्यात, कुठल्या विभागाचा किती माल परत आला?

तिन्ही नव्यांनी ऑगस्टमध्ये एक हजार एकशे चाळीस खोकी दाखवली. त्याच्या कोठाराने दाखवलं शून्य.

स्वारी खुशीत वर गेली. "बाई, तिन्ही शहाणे चुकले! ऑगस्टभर आपल्या दाराला कुलूप असतं, अख्खं गाव समुद्रावर. खोकी परत घेणार कोण?"

ओर्नेल्लाबाई हातातला कागद वाचतच म्हणाल्या, "तिघं चुकले, आणि तिघांचा आकडा एकच?"

खाली येऊन त्याने आपलंच जुनं लिखाण ओळ न् ओळ वाचायला घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओळ सापडली. पहिल्याच वर्षी त्याच्याच हाताने लिहिलेली: ऑगस्टची तारीख दिसली की ती चूक समजून एक सप्टेंबर करावी. ऑगस्टमध्येही कुणी काम करतं, हे तेव्हा त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. जर्मनीतली दुकानं मात्र ऑगस्टभर उघडी असत. तळ सुटलेल्या सँडल ती तिथल्याच गोदामात परत टाकत आणि गोदाम इमानदारीने तारीख घाली.

एवढ्यावर थांबतं तर हसून सोडता आलं असतं. पण खोक्यावर मालाचं नाव नसे. माल कुठला ते कोठार हंगामावरून ठरवी. ऑगस्टपर्यंत सँडल, म्हणजे गोंद लावणारा विभाग. सप्टेंबरपासून बूट, म्हणजे शिलाई. गोंदाचं पाप दरवर्षी शिलाईच्या माथी गेलं होतं. चार वर्षांपूर्वी त्याच अहवालावरून 'टाके कच्चे' म्हणून शिलाईच्या सहा बायकांना घरी बसवलं होतं. त्यांतली देलिया शाळेत त्याच्या शेजारच्या बाकावर बसायची.

त्याने चौथ्या रकान्यात 'खोटं' असं लिहिलं, सगळा प्रकार एका पानावर मांडला आणि अहवाल वर दिला.

ओर्नेल्लाबाईंनी ते पान वाचलं, दोनदा वाचलं. मग हळूच बाजूला काढलं. "शिलाई आता बाहेरून होते. हे उकरून कुणाचं भलं होणार? कुठलं घ्यायचं, तेवढं सांगा."

"दुसऱ्या रकान्यातलं," तो म्हणाला. पान त्यांच्या खणात गेलं. तो जिना उतरून खाली आला.

शुक्रवारी तो वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरामागे जाऊन उभा राहिला. देलिया आता तिथे स्वयंपाकाला होती; टोमॅटो सोलत बसली होती.

"काय रे कोठारवाल्या, जागा बघायला आलास का? अजून दहा वर्षं थांब."

त्याने सगळं सांगितलं. ती सोलतच राहिली.

"म्हणजे आमचे टाके पक्के होते?"

"होते."

"मी डॉक्टरला हात दाखवले होते त्या वर्षी. म्हटलं, बोटंच गेली असतील. बोटं चांगली आहेत म्हणाला, तर मी त्यालाच गाढव ठरवलं. तेव्हापासून घरातलं साधं बटणही लावलं नाही मी. सून लावते." तिने सुरी खाली ठेवली. "तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"मग लिहून दे. कंपनीच्या कागदावर, शिक्क्यानिशी. बाकीच्या पाचजणींना दाखवते."

सेत्तीमिओ म्हणाला, "बाईंनी ते पान काढून ठेवलंय."

"आणि तू काढू दिलंस?"

"जुनं कोठारही सोमवारी बंद होणार. नव्यात ही चूक नाही, देलिया."

"नव्यात आम्हीही नाही," ती म्हणाली. तिने परात उचलली आणि आत गेली. जाताना दार पायाने लोटलं.