नथवाला देवदूत

आमचा धाकटा दीर हौसराव दौंडचा पेंटर. उसाच्या ट्रॉल्या रंगवायचा त्याचा धंदा. हंगामाच्या आधी ट्रॉल्या रंगवायच्या आन् डब्यात उरेल तो रंग नाताळाला आपल्या चर्चला लावायचा, हा त्याचा नेम. पुण्य आपलं, रंग लोकाचा. त्यामुळं ज्या साली ट्रॉलीवाल्यांना जे आवडलं, ते आमच्या चर्चनं अंगावर घेतलं. बांधकाम रेल्वेच्या गोऱ्या सायबांच्या काळातलं, काळ्या दगडाचं. पण खांब पोपटी, कमानी तांबड्या, वर मोर. एका खांबावर तर ‘हॉर्न द्या’ लिहून झाल्यावर त्याला उमगलं, आपण कुठं हाय ते. पुसलं, पण अजून दिसायचं.

त्याची बायको पुतळाबाई वारली, त्या साली त्यानं वेदीवरच्या कमानीत देवदूत काढला. पंख पोपटी, डोळे पुतळाचे, नाकात नथ. रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला सगळे वर बघायचे, ओळखायचे आन् गप मान खाली घालायचे. बायकोला परस्पर स्वर्गात बसवलं होतं त्यानं, फादरांना न विचारता.

यंदा आमच्या चर्चचा ‘वारसा’ झाला. पुण्याहून सारिकाबाई आल्या, जुन्या इमारतींच्या जाणकार. आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा त्यांनी खांबाला हात लावला. “केवढे थर चढवलेत हो!”

“व्हय,” हौसराव फुगून म्हणाला, “लई मेहनत हाय.”

सगळा रंग काढायचा ठरला. मोर गेले, हौसरावनं खाली पडलेल्या खपल्या झाडून काढल्या. कमानीला शिडी लागली, तसा त्याचा चेहरा राखेसारखा झाला. एक पंख खरवडला, तर खालून दुसरा निघाला, फिक्कट गुलाबी. बाई हरखल्या. “जुनं चित्र आहे! कुणी काढलं ठाऊक नाही, पण अमूल्य आहे.” आन् त्यांच्या हातातली खरवडायची पत्री नथीकडं वळली.

शिकल्यासवरल्यांपुढं हौसरावची जीभ टाळ्याला चिकटते. मी दुसरीतच शाळा सोडली, मला तो त्रास नाही. खाली चटईवर बसले होते, तिथूनच म्हणाले, “बाई, थांबा. ती माझी जाऊ हाय.”

“कोण?”

“जिच्या नाकाला हत्यार लावलंय, ती.”

फादर नवे होते. म्हणाले, “मला तर मारियामाता वाटायची.”

“न्हाई फादर. पुतळाबाई. भाकरी लई पातळ थापायची.”

बाई खाली उतरल्या. “पण आजी, खरा देवदूत खाली आहे.”

तवा कुठं हौसरावला वाचा फुटली. “ताई, खालचीला वळखणारं कुणी ऱ्हायलं न्हाई. हिला मी हाय की.”

फादरांनी वर बघितलं. मग म्हणाले, “वरून निरोप येईपर्यंत राहू द्या.” निरोप अजून आला नाही. वर कुणी विचारलंच नाही, तर येणार कुठून?

आता खांब काळे कुळकुळीत. बघायला लोक येतात, दगडाचे फोटो काढतात आन् कमानीपाशी येऊन घोटाळतात. देवदूताला एक पंख साहेबी, एक ट्रॉलीचा.

नाताळाच्या आदल्या दिवशी हौसराव शिडीवर, हातात एवढीशी डबी.

“काय रं? रंगाला बंदी हाय ना?”

“नथीचा मोती मळला व्हता, वहिनी.”

मी शिडी धरली.