डोरीनबाईंचा जळलेला दगड

एल्म क्रॉसिंगच्या दुकानात लाल शाईची पेनं डझनानं यायची आणि ती सगळी एकट्या डोरीन मेलनिचुकबाई न्यायच्या. सव्वीस वर्षं पाचवीचा वर्ग त्यांनी बैलजोडी हाकावी तसा हाकला. गावातले निम्मे शेतकरी, पोस्टातली बाई, रस्त्यावरचा बर्फ लोटणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, सगळे त्यांच्या पेनाखालनं लाल होऊन निघालेले. बाईंनी हाक मारली की पटांगणाच्या पार टोकाचं पोरगं जागेवर थिजायचं. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या थंडीला जे जमत नव्हतं ते बाईंच्या गळ्याला जमायचं.

मग त्यांचा गुडघा गेला.

गेला तोही कर्लिंग खेळताना. आमच्याकडं नोव्हेंबर ते मार्च जमीन दगडासारखी होते, मग माणसं दगडाशीच खेळतात. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये बर्फ धरलेला असतो. एकानं वीस किलोचा गुळगुळीत दगड त्यावरनं सोडायचा, दोघांनी झाडूनं त्याच्या पुढचा बर्फ घाशीत पळायचं आणि पल्याड रंगवलेल्या गोलांत, म्हणजे ‘घरात’, तो नेऊन बसवायचा. पंच नसतो. चालत्या दगडाला कुणाचा झाडू नाहीतर बूट लागला तर तो दगड ‘जळला’, आणि ज्याचा लागला त्यानं आपणहून हात वर करून सांगायचं. खेळ संपला की जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना आपल्या टेबलावर बसवून खाऊ-पिऊ घालायचं. कोणी कुठं माती खाल्ली त्याचा हिशोब तिथंच, तोंडावर.

तर त्या हिवाळ्यात बाई गुडघ्यावर गोठलेल्या मटारची पिशवी ठेवून शेडमधल्या काचेआड नुसत्या बसून असायच्या. शेजारच्या टेबलावर त्यांच्याच वर्गातली पोरं.

“ब्रिन, तुझा पाय ब्येस सरकला. पर हात लवकर सोडलास बग.”

“व्हय गं, मला बी तसंच वाटलं. मग काय करू?”

“मनात एक म्हण, मग सोड.”

ब्रिन रागावली नाही, रडली नाही. पेरोगीचा, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंजीचा, तुकडा आंबट साईत बुडवून तोंडात टाकला आणि मनातल्या मनात ‘एक’ म्हणत हात हलवून बघू लागली.

बाई बघतच राहिल्या. हीच ब्रिन. हिच्या वहीवर गेल्या आठवड्यात आपण पाऊण पान लाल केलं होतं, आणि ते न वाचताच तिनं कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं आपण डोळ्यांनी बघितलं होतं. सव्वीस वर्षांत किती पेनं त्या डब्यात गेली असतील, याचा अंदाज बाईंनी केला आणि मटारची पिशवी गुडघ्यावरनं काढून कपाळावर ठेवली.

नाताळच्या सुट्टीनंतर वर्गातले बाक चार-चारच्या टेबलांत सरकले. दर शुक्रवारी एक तास शेडमध्ये. शाळेला आलेले आठ टॅबलेट बाईंनी वर्षभर कपाटात कोंडले होते, बाटलीत विंचू ठेवावा तसे. तेही बाहेर निघाले. एकानं दगड सोडायचा, एकानं चित्रण करायचं, एकानं घड्याळ लावायचं. या रेघेपासून त्या रेघेपर्यंत जायला दगडाला किती सेकंद लागले आणि तो कुठं थांबला, याचे ठिपके आलेखावर मांडायचे. दशांश, सरासरी, कोन, सगळं बर्फावर. मग टेबलाशी बसून एकमेकांना तीन गोष्टी सांगायच्या: काय चांगलं झालं, मी काय बघितलं, पुढच्या खेपेला काय करशील. निबंधालाही हाच कायदा. लाल पेनाचा खप बसला. दुकानदारानं एकदा विचारलंसुद्धा, “बाई, तब्येत बरी हाय न्हवं?”

पण गाव म्हटलं की जीभ आलीच. “पोरं साळंत खेळत्यात आन् घरला यून म्हणत्यात गणित झालं!” ही ओरड शाळा समितीपर्यंत गेली. मंगळवारी समिती बसणार, शुक्रवारचा तास आणि टॅबलेट ठेवायचे की बंद करायचे ते ठरवणार. समितीत माणसं पाच, पण मत एकच, लॉइड गुनार्सनचं. तो मान हलवील तिकडं बाकीचे चौघे हलवायचे. लॉइड गव्हाचा मोठा शेतकरी, आणि तीस वर्षं बाईंच्या कर्लिंग संघाचा कप्तान. त्याच्यापुढं बाईंचं काही चालत नसे.

शुक्रवारी तो शेडमध्ये आला. कानटोपी खाली ओढून कठड्याला टेकला.

“डोरीन, मला गोडगोड काय दाखवू नगंस. ह्यात गणित कुठं हाय तेवढं दाव.”

“थांब की, आल्या आल्या घोड्यावर!”

रीझा मगबानुआ नावाची पोरगी आलेख घेऊन पुढं आली. तिचे आईबाप फिलिपिन्समधनं येऊन दवाखान्यात कामाला लागलेले. सगळा वर्ग ‘बाई’ म्हणायचा, ही ‘मॅडम’. थोरांपुढं मान वर करायची नाही, हे घरचं वळण. ती हळूच म्हणाली, “दगड पहिल्या दोन रेघांत असला की आम्ही सेकंद मोजतो. त्यावरनं तो कुठं थांबणार ते आधी सांगतो.”

“आधी?” लॉइड हसला. “मी चाळीस वर्षं खेळतोय, मला न्हाई सांगता येत. टाक डोरीन, तूच टाक. बघूया पोरांचं ज्योतिष.”

बाईंनी दगड सोडला. घड्याळ थांबलं. पोरं आलेखावर वाकली, कुजबुजली, आणि रीझानं निळ्या गोलाच्या आतल्या काठाकडं बोट केलं, “तिथं.”

दगड अजून सरकतच होता. पुढं ब्रिन आणि तिच्याच वर्गातला कोडी झाडू मारत होते. आता बाईंनी गप उभं राहायचं होतं. पण लॉइड बघतोय, मंगळवार डोक्यावर, त्यात झाडण्यात कोडी जरा मागं पडल्यासारखा वाटला. बाईंचा जीव काही थाऱ्यावर राहिना. गुडघा विसरून त्या पळाल्या आणि आपलाही झाडू मध्ये घातला. दगड किंचित वळला, रेंगाळला आणि घराच्या बाहेरच, चांगला हातभर अलीकडं, थांबला.

“व्हय, बसलं ज्योतिष बर्फात!” लॉइडनं मांडीवर थाप मारली.

बाईंचा चेहरा उतरला, आणि जुनी सवय उसळून वर आली. “मोजताना चुकलात तुम्ही! किती वेळा सांगितलंय, घड्याळाकडं बघा!”

सगळे टेबलाशी येऊन बसले. रिवाज होता म्हणून टॅबलेटवर चित्रण लावलं, हळू गतीनं. एकदा बघितलं. परत बघितलं. कोडीनं ब्रिनकडं बघितलं, ब्रिननं छताकडं.

“काय दिसलं?” बाईंनी विचारलं.

टॅबलेट रीझाच्या हातात. तिचे कान लाल झालेले. “मॅडम, सांगू?”

“टेबलाचा कायदा काय?”

“तीन गोष्टी.” रीझा म्हणाली. “एक. मॅडम, तुम्ही दगड लई सरळ सोडला.” मग टॅबलेट बाईंपुढं सरकवला. “दोन. तुमचा झाडू दगडाला लागला.”

“माझा? तीस वर्षांत माझा दगड जळला नाही!”

“मॅडम, बघा ना.”

बाईंनी चष्मा नाकावर चढवला. बघितलं. झाडूचं टोक दगडाच्या बुडाला चक्क घासत होतं. आंधळ्यालाही दिसावं इतकं. कठड्याशी लॉइड, पुढं मंगळवार. ‘चित्र नीट दिसत नाही’ म्हटलं असतं तर पोरांनी मुकाट ऐकलं असतं, आणि लॉइडला एवढ्या लांबनं काही दिसलंही नसतं.

बाईंनी हात वर केला. चांगला उंच, बगलेतली फाटकी शिवण दिसेल इतका.

“माझा दगड जळला,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “मोजणं तुमचं बरोबर होतं. उगाच ओरडले मी. आता तिसरी गोष्ट सांग, रीझा.”

रीझा अडखळली. “पुढच्या खेपेला… टाकणाऱ्यानं टाकावं, मॅडम. झाडणाऱ्यांना झाडू द्यावं.”

मग लॉइड असा खदखदला की त्याची कानटोपीच खाली पडली.

“आगं बया! सारं शिकवन्याचं शास्तरच सांगितलं की हिनं तुला! डोरीनला ‘तू चुकलीस’ म्हणून ह्या गावात जिता राहिलेला माणूस मी पयल्यांदा बघतोय!”

“तू हसू नको,” बाई म्हणाल्या. “चौऱ्याण्णवच्या फायनलला तुझ्या बुटाचं काय झालं ते सांगू का पोरांना?”

लॉइडचं हसू गोठलं. “तुला दिसलं व्हतं?”

“मी झाडू मारत होते, झोपा काढत नव्हते.”

“तीस वर्षं बोलली न्हाईस?”

“तू हात वर करायची वाट बघत होते.”

पोरं एकदम लॉइडकडं वळली. त्यानं टोपी उचलली, झटकली, इकडंतिकडं बघितलं, आणि शेवटी खांद्यापर्यंत, अर्धामुर्धा का होईना, हात वर गेला. “लागला व्हता. अंगठा. जरासा.”

मग पोरांनी पुन्हा डाव लावला. बाईंनी दगड सोडला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभ्या राहिल्या. झाडू कोडीनं आधीच काढून घेतला होता, भरवसा नको म्हणून. रीझानं बोट केलं त्या जागेपासून दगड वीतभर अंतरावर थांबला, घरात.

पोरं जिंकली, तेव्हा रिवाजाप्रमाणं हरलेल्या लॉइडला त्यांनी टेबलावर बसवलं आणि गरम चॉकलेटचा पेला पुढं ठेवला. मिशीला साय लागलेली, तो आलेख उलटासुलटा करून बघत बसला. “ह्यो ठिपका हितं का आलाय गं?” रीझानं सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं.

“मंगळवारचं काय?” बाईंनी शेवटी विचारलंच.

“मंगळवारी त्या चौघांस्नी हितंच बोलावतो. बर्फावर हुभं राहून बोलायचं म्हंजे बैठक बी लवकर उरकंल.” लॉइड उठला. “आता जरा सरका. मला एक दगड टाकू द्या.”

त्यानं टाकला. दगड घर ओलांडून पार मागच्या भिंतीवर आदळला. लॉइड गुमान टेबलाशी येऊन बसला, हात मांडीवर घेऊन, पाचवीतल्या पोरासारखा.

“हां, सांगा. तीन गोष्टी.”

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. पहिली गोष्ट चांगलीच सांगायची, असा कायदा. ब्रिननं लई वेळ विचार केला.

“काका,” ती म्हणाली, “तुमची टोपी छान हाय.”